गाडी तोडायची की उभी करायची: अमळनेरच्या आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला पत्र्याच्या डब्यांच्या चार ओळी आहेत. पंधरा किलो तेलाचे डबे कापून आप्पांनी ते केले आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव घातलं: जावा हेड, जावा क्लच प्लेट, येझदी किक शाफ्ट, राजदूत हब. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ती भिंत बघतं. त्यातला जवळजवळ प्रत्येक पार्ट कुठल्या तरी तोडलेल्या गाडीचा आहे. आमचा धंदा कसा चालला हे सांगायचं तर कोणती गाडी तोडली आणि कोणती उभी केली, तेच सांगावं लागेल.

आप्पा, म्हणजे माझे वडील, धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात नऊ वर्षं हाताखाली होते. १९८१ साली त्यांनी अमळनेरला स्वतःची टपरी टाकली. पान्यांची पेटी, हवेचा हातपंप आणि वर निंबाची सावली. गिऱ्हाईक ठरलेलं. दूधवाल्यांच्या राजदूत, बागायतदारांच्या बुलेट, आणि गुरुजी, ग्रामसेवक, कापसाचे व्यापारी यांच्या जावा-येझदी. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. आपल्याकडे ती १९६१ पासून म्हैसूरला तयार व्हायला लागली आणि सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं. दोन सायलेन्सरची, अडीचशे सीसीची, आणि गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किकचा दांडा होणारी ही गाडी आप्पांच्या हातात बसली. रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ते सांगायचे, "पाटलांचं पिस्टन वाजतंय, आठ दिवसांत येतील." पाटील यायचेच.

१९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद पडला. धुळ्याच्या पार्टवाल्याने सांगितलं, आहे तेवढा माल घेऊन जा, पुढचं सांगता येत नाही. तिथून आमच्याकडे गाड्या तोडायला सुरुवात झाली. हौस म्हणून नाही. एका गुरुजींची येझदी क्लचच्या बास्केटसाठी महिनाभर उभी राहिली, म्हणून आप्पांनी अपघातात वाकलेली एक गाडी विकत घेतली आणि खोलली. त्या एका गाडीवर सात गाड्या पुढे काही वर्षं पळाल्या. त्यामुळे तोडणं म्हणजे पाप असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. त्या सात घरांत शाळेला, दवाखान्याला जायला दुसरी गाडी नव्हती.

पण पुढे हात सैल झाला. चार स्ट्रोकच्या, लिटरला साठ-सत्तर जाणाऱ्या गाड्या घरोघर आल्या. जुन्या गाड्या गोठ्यात, गोडाऊनमध्ये पडल्या आणि लोक त्या पाच-सहा हजाराला द्यायला लागले. आप्पांचे डोळे कमी झाले होते, गॅरेज माझ्याकडे आलं होतं. मी सरसकट तोडायला लागलो. २०१२ ला चोपड्याकडून एक जावा आली, १९६४ ची. आरसी बुक होतं, टाकीवरचा क्रोम शाबूत होता, फक्त इंजिन जाम आणि पुढचं चाक गायब. मी एका दुपारी ती खोलली. दोन महिन्यांत पार्टचे बावीस हजार झाले आणि मला वाटलं, जमलं.

वर्षाने एक गृहस्थ आले. ती गाडी घरातल्यांनी विकली तेव्हा ते बाहेरगावी नोकरीला होते. त्यांनी भिंत बघितली, डब्यांतून हात फिरवला आणि म्हणाले, "मन्हा बापनी गाडी शे, भाऊ." शे, म्हणजे आहे. होती असं ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे त्या गाडीचं पेट्रोल टाकीचं झाकण आणि स्पीडोमीटर एवढंच उरलं होतं. ते मी त्यांना दिलं, पैसे घेतले नाहीत. आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. रात्री जेवताना म्हणाले, "चाक नाही म्हणून तोडली? चाक तर आपल्याकडे दोन पडली होती." त्यापुढे ते काही बोलले नाहीत.

तेव्हापासून गाडी आली की मी पान्याला हात लावण्याआधी दोन दिवस ती नुसती बघतो.

पहिलं काम नंबरचं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन इंजिन केसवरचा आणि चेसिसवरचा नंबर साफ करायचा, मग आरसीशी ताडून बघायचा. दोन्ही जुळले आणि कागद असेल तर गाडी आपण होऊन तोडायची नाही, हे आता घरात ठरलेलं आहे. त्याला कारणही आहे. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, आधी नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो आणि नव्याने नोंद झाली तर नंबरात व्हीए अक्षरं येतात. मात्र गाडी मूळ रूपात हवी, चेसिस किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून ती पळेल, पण तिची ओळख गेली.

दुसरं, इंजिनाची केस. जावाची केस दोन अर्ध्या भागांची असते आणि ती जोडी एकत्रच तासलेली असते. एक अर्धा फुटला म्हणून दुसऱ्या गाडीचा अर्धा लावला तर क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगची रेषा सरकते. जाम इंजिनाला लोक उगाच घाबरतात. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉडचा सेट मिळतो, सिलेंडर बोअर करून, म्हणजे आतून तासून, घेता येतो. घाबरायचं ते पत्र्याला. हेडलाइटचा डोम, बाजूच्या पेट्यांची झाकणं, चेनचं कव्हर, टाकी. हल्ली नवा केलेला पत्रा मिळतो, पण तो पातळ असतो, भोकं जुळवता जुळवता दिवस जातो, आणि माहीतगार माणूस बोटाने टिचकी मारून ओळखतो. आमचा ठोकताळा असा: हरवलेल्या पार्टची यादी वहीच्या एका पानात बसली तर गाडी उभी करायची. पान उलटावं लागलं तर मालकाला समोर बसवून स्पष्ट बोलायचं.

हा हिशेब फुकट शिकलो नाही. २०१५ ला पहिली राजदूत उभी केली आणि सोळा हजारांचा खड्डा पडला. मी फक्त पार्टचे पैसे मोजले होते. लेथवाल्याकडच्या चकरा, रंग, सहा महिन्यांची आमची मजुरी कुठेच धरली नव्हती. त्यात टाकी प्लेटिंगला बाहेरच्या शहरात पाठवली, तिथे बफिंग, म्हणजे घासून चकचकीत करणं, इतकं झालं की खालच्या शिवणीला भोकं पडली. पितळाने भरून घेतली. ती गाडी आजही दिसली की माझी नजर आधी टाकीच्या खाली जाते. तेव्हापासून प्लेटिंगला माल द्यायचा तर मी स्वतः घेऊन जातो.

२०१८ च्या शेवटी जावा नावाने नव्या गाड्या बाजारात आल्या. त्यानंतर आजोबांची गाडी उभी करून द्या म्हणणारी तरुण पोरं आमच्याकडे वाढली. आज गॅरेजात मी, माझा चुलतभाऊ आणि एक मुलगा असे तिघे आहोत. वर्षाला चार गाड्या होतात, जास्त नाही.

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याकडच्या दोघा भावांनी टेम्पोत घालून एक जावा आणली, १९६८ ची. वडील वारले, वाटणी झाली, गाडी कापसाच्या गोडाऊनमध्ये निघाली. डोम नाही, इंजिनाचं हेड नाही, डावा सायलेन्सर नाही, सीट उंदरांनी खाल्लेली. उजवा सायलेन्सर हलवला तर आतून सरकी गळायला लागली. अर्धी पायली निघाली असेल. कार्बोरेटरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर. पण गंज नाही. आपल्याकडची हवा कोरडी, रबर तडकतं पण लोखंड टिकतं. मी चेसिसचा नंबर घासला, इंजिनाचा घासला, दोन्ही जुळले.

धाकटा भाऊ म्हणाला, "तोडून विका, निम्मे निम्मे वाटून घेऊ." थोरले नाना गप्प होते. मी वही काढली आणि यादी केली. पान संपत आलं, खाली दोन ओळी मोकळ्या उरल्या. खर्च लाखाच्या आत बसत नव्हता, तोडली तर तीसएक हजार हातात येणार होते. दोन्ही आकडे मी त्यांना सांगितले. हेही सांगितलं की तोडायची तर आरसी परत करून नोंद रद्द करून घ्यावी लागेल, कायद्यात १४ दिवसांची मुदत आहे. कागद जिवंत ठेवून चेसिस इकडेतिकडे गेली तर उद्या तोच नंबर कुणाच्या चोरीच्या गाडीवर निघू शकतो. आणि ठेवायची तर आधी वारसाचा फॉर्म ३१ भरून गाडी एकाच्या नावावर करा.

ते घरी गेले. मधल्या काळात मला धरणगावच्या एका निवृत्त सरांची गाडी आठवली. तिची मान, म्हणजे हँडल बसतं तो चेसिसचा भाग, अपघातात तुटून गॅसवर वाकडी जोडलेली, रस्त्यावर काढणं धोक्याचं. डोम आणि हेड मात्र मूळचं. सरांना मी सहा वर्षं म्हणत होतो की ही उभी राहणार नाही. ते म्हणायचे, राहू दे. या वेळी मी त्यांना नानांच्या गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "माझा डोम हिच्यावर लागेल?" नोंद रद्द झाल्यावर आम्ही त्यांच्याच अंगणात गाडी खोलली. नंबर प्लेट त्यांनी ठेवून घेतली. वाकडी चेसिस मी कापून दोन तुकडे केले, नंबरचा तुकडा त्यांच्यासमोर हातोडीने पुसला.

नाना पंधरा दिवसांनी एकटेच आले. धाकट्याचा हिस्सा देऊन गाडी स्वतःकडे घेतली म्हणाले, पैसे मात्र कापूस विकला जाईल तसे देणार. मी हो म्हटलं.

आता सिलेंडर पहिल्या ओव्हरसाइजवर, म्हणजे मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा, बोअर होऊन आला आहे, क्रँक प्रेस करून लेथवाल्याने परवा दिली. डावा सायलेन्सर अजून सापडला नाही. सरांचा डोम रंगायला जाण्याआधी बाकावर ठेवला होता, त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली एक तारीख आहे, बहुतेक त्यांनी गाडी घेतली तेव्हाची. रंगाऱ्याला सांगून ठेवलंय, आतून हात लावू नको.