पाणी जास्त पी म्हणे!

शोग्रेन सिंड्रोम म्हटलं की समोरची आधी "काय गं हे?" विचारते, आणि अंगातला ओलावा आटतो असं सांगितलं की सल्ला ठरलेला, पाणी जास्त पी. अगं, पाण्याने भागलं असतं तर काय हवं होतं! यात आपलीच इम्युनिटी लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, माठभर पाणी प्यायलं तरी बाथरूमच्या फेऱ्याच वाढतात.

माझं डोळ्यांपासून सुरू झालं. सकाळी पापण्यांखाली रेती गेल्यासारखं खुपायचं, आणि कांदा चिरताना घरातले सगळे डोळे पुसतायत पण मी आपली कोरडी ठणठणीत. मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घशाखाली उतरेना, घासाघासाला ताक लागायला लागलं. दात हिरडीच्या कडेने किडायला लागले, गोडाचं वेड नसताना! (लाळ दातांना किती सांभाळते ते ती गेल्यावरच कळतं.) कानापुढे गालगुंड झाल्यासारखी सूज, कोरडा खोकला, बोटांचे सांधे, आणि थकवा तर असा की रात्रभर झोपूनही अंग उचलत नाही. खालचा कोरडेपणाही असतो, पण ते आपण बायका बोलतच नाही, मेनोपॉज असेल म्हणून गप्प बसतो.

डोळ्यांचे डॉक्टर ड्रॉप्स देतात, डेंटिस्ट फिलिंग करतात, सांध्यांना पेनकिलर, बेरीज कुणीच करत नाही. गंमत म्हणजे 1933 साली हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरने 19 बायकांचा अभ्यास मांडला तेव्हा त्याने ती बेरीजच केली होती, कोरडे डोळे, तोंड आणि सांधे मिळून. 10 पेशंटमधल्या साधारण 9 बायका असतात, बहुतेक चाळिशीपुढच्या, पण टेनिसवाल्या व्हीनस विल्यम्सने 2011 मध्ये हा आजार जाहीर केला तेव्हा ती एकतीसची होती.

तर जायचं रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांचे नि अशा उलटलेल्या इम्युनिटीचे डॉक्टर), आणि दातांपासून खालपर्यंत सगळं एका दमात सांगायचं. शर्मर टेस्टमध्ये खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात, 5 मिनिटांत 5 मिमी किंवा कमी भिजली तर अश्रू कमी. रक्तात अँटी-रो नावाची अँटीबॉडी बघतात, ती निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो, मग खालच्या ओठाच्या आतून बायोप्सी. आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्याच, कारण काही अ‍ॅलर्जीच्या नि डिप्रेशनच्या गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. अँटी-रो पॉझिटिव्ह असून मूल हवं असेल तर गायनॅकला आधीच सांगा, क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. कानापुढची गाठ कडक होऊन तशीच राहिली तर तीही लगेच दाखवा.