थंडीचा बार, उन्हाचा बार : आमची वाटचाल

आमच्याकडे लोशन बार, म्हणजे हातापायांना चोळायची घट्ट लोशनची वडी, घ्यायला कोणी आलं, की आधी विचारतो, "कधी वापरणार?" दिवाळीनंतरचा बार वेगळा, होळीनंतरचा वेगळा. नाशिकची हवा छान, असं मुंबईचे पाहुणे म्हणतात. पण एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकतो आणि दोन-तीन पावसाळी महिने सोडले की निफाडच्या गारठ्याच्या बातम्या सुरू होतात. एकाच मापाचा बार दोन्हीकडे टिकत नाही. आमच्या धंद्याची सगळी गोष्ट या एका वाक्यात बसते.

सुरुवात घरच्यासाठीच झाली. सासर मखमलाबादकडचं, द्राक्षबागेचं घर. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढे डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी. बायकांचे हात सतत ओले, त्यात थंडी. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. व्हॅसलीन लावून कात्री धरली तर निसटते, आणि बाटलीतल्या लोशनमध्ये पाणीच जास्त असतं, ते तासाभरात उडून जातं. लोशन बारमध्ये पाणी नसतंच. मधमाश्यांचं मेण, घट्ट बटर (दुधाचं नव्हे, बियांतून निघणारं) आणि तेल, एवढंच. हातात धरून चोळला की अंगाच्या उबेने वरचा थर सुटतो, तेवढाच लागतो.

सगळीकडे सांगतात ते माप सोपं आहे : मेण, बटर, तेल, वजनाने सारखं. थंड मुलखात ते चालत असेल. शिवाय बहुतेक पाककृतींत तेल म्हणजे खोबरेल. आता खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. म्हणजे जानेवारीत, जेव्हा बार मऊ हवा, तेव्हा ते दगड होतं आणि मेमध्ये, जेव्हा बार टणक हवा, तेव्हा पाणी होतं. नेमकं उलटं काम! म्हणून खोबरेल बंद केलं आणि तीळ आणि बदाम तेलावर आलो. ही तेलं दोन्ही ऋतूंत पातळच असतात, त्यामुळे घट्टपणा फक्त मेण-बटरच्या हाती राहतो. थंडीच्या बारमध्ये शंभर ग्रॅमला साधारण वीस मेण, तीस बटर, पन्नास तेल. उन्हाळ्यात मेण तीसच्या वर आणि तेल तेवढं कमी. मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं, उन्हाळ्यात सगळा डोलारा तेच सांभाळतं. पण ते जास्त झालं तर बार कातडीवर ओढला जातो, सरकत नाही. लोक म्हणतात, "लागतच नाही हो!"

द्राक्षबियांच्या तेलाचा आग्रह फार होतो. नाशिकचा बार म्हटल्यावर द्राक्षं नकोत का? नाव छान, लावायलाही हलकं, पण ते लवकर खवट होतं. आम्ही चवीपुरतं घालतो आणि व्हिटॅमिन ई टाकतो. व्हिटॅमिन ई खवटपणा लांबवतं, थांबवत नाही.

खरा जीव खाल्ला तो रव्याने. शिया बटरचा (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं) बार साच्यातून गुळगुळीत निघायचा आणि काही दिवसांनी हाताला बारीक रवा लागायचा. खराब झालेला नसतो तो. शियामधले काही घटक लवकर गोठतात, काही उशिरा. मिश्रण सावकाश निवलं की लवकर गोठणारे आपापले गोळा होतात, तेच हे कण. उपाय दोन : वितळवताना एकही कण शिल्लक ठेवायचा नाही आणि नंतर झपाट्याने निववायचं. आम्ही डबल बॉयलरमध्ये, म्हणजे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, आधी मेण, मग बटर, शेवटी तेल घालतो. गॅस बंद केल्यावर ढवळत राहायचं. कडेला साय धरायला लागली की सुगंध आणि थोडं अरारूट घालायचं. अरारूटने तेलकटपणा मरतो. गरम मिश्रणात टाकलं तर सगळं तळाशी बसतं. मग लगेच साच्यात ओतून साचे फ्रिजमध्ये. फार गरम ओतलं तर मेण आकसून मधे खळगा पडतो, कधी चीरही जाते.

पुढे शियाच सोडला आणि कोकमतेल घेतलं. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात तेच, आमसुलाच्या बियांचं. ते शियापेक्षा टणक, वितळायलाही त्याच्यापेक्षा जास्त ऊब लागते, आणि रवा जवळजवळ धरत नाही. परदेशी बटरपेक्षा रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकम आपल्या उन्हाळ्याला जास्त मानवतं, हे माझं ठाम मत.

मेण इथलंच मिळतं. नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे फुलले की परागीभवनासाठी शेतात मधपेट्या ठेवतात. त्या मधपाळांकडून मेण घेतो. पाण्यात वितळवून मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि निवू द्यायचं. वडीच्या तळाला काळा गाळ बसतो, तो सुरीने खरवडून टाकायचा. पहिल्यांदा हे करताना आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "कुंकवाखालचं मेण हेच की!" त्या मेणाची डबी आमच्या पिढीपर्यंत घरोघरी होती, आता विचारलं तर मुली बघत राहतात.

ओळखीत वाटणं आणि विकणं यांत फरक आहे, हे नव्याने सुरू करणाऱ्यांना आवर्जून सांगते. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. 2020 पासून त्याचे वेगळे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत आणि अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. घरचा ओटा त्यात बसत नाही. आम्ही लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या परवानाधारक युनिटमध्ये आपला माल बनवायचा, या मार्गाने गेलो. लेबलवर घटक, बॅच नंबर, तारीख, निव्वळ वजन. "भेगा बऱ्या होतात" असं मात्र छापायचं नाही, तो औषधाचा दावा झाला. गिऱ्हाईक तोंडाने म्हणतं ते म्हणू दे.

बार अॅल्युमिनियमच्या डबीतच देतो, कागदी पेटीत नाही. डबीत वितळला तरी पुन्हा गोठतो, फार तर रवाळ होतो. मेमध्ये धुळे-जळगावची पार्सलं घेतच नाही. तिकडचं ऊन आणि कुरिअरच्या गाडीचा पत्रा, दोन्ही मिळून कुठल्याही मापाला हरवतात. ती ऑर्डर पावसाळ्यावर ढकलतो. काही जण चिडतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी मात्र मोहाडी, दिंडोरीकडून बागायतदार मजुरांसाठी एकगठ्ठा डब्या नेतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये आमचा फ्रिज तयार डब्यांनी भरलेला असतो आणि घरचं दूध शेजारच्या काकूंकडे.