चौदाव्याला चिकटलेलं एकविसावं

आमच्या गुणसूत्रं तपासायच्या लॅबमध्ये आलेल्या फॉर्मवर डॉक्टरांनी ‘डाऊन सिंड्रोम?’ लिहिलेलं आणि स्लाइडवर गुणसूत्रं भरत होती 46, म्हणजे सगळ्यांची असतात तितकीच. दीड वर्षांचा मुलगा. डाऊनमध्ये बहुतेकदा 21वं तीनदा असतं आणि मोजणी 47 येते. इथे वीसच्या वीस पेशींत 46. शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “नॉर्मल आहे, लिहून टाक.”

माझं मन मानेना. ज्या मॅडमच्या हाताखाली मी शिकले, त्या गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून कागदावर गटवार चिकटवायला लावायच्या. लांबी बघायची आणि सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे जुळतात ती बारीक जागा, कुठे आहे ते बघायचं. मधोमध असेल तर मध्यकेंद्री, जरा सरकलेला असेल तर उपमध्यकेंद्री, अगदी टोकाशी असेल तर अग्रकेंद्री. ए ते जी असे सात गट. आज कॉम्प्युटर जोड्या लावून देतो, तरी मी एकदा गटवार मोजतेच.

डी गटात, म्हणजे 13, 14, 15 मध्ये, सहा हवीत. पाचच होती. जी गटात, म्हणजे 21, 22 आणि मुलाचं वाय गुणसूत्र धरून, पाच होती, ती बरोबर. आणि सी गटात 15 ऐवजी 16! त्या जास्तीच्या गुणसूत्रावर गिम्सा या रंगाने उमटलेले पट्टे वाचत गेले. लांब भुजा 14ची, आखूड भुजेच्या जागी 21ची अख्खी लांब भुजा. तिसरं 21वं कुठे गेलं नव्हतं, ते चौदाव्यावर बसलं होतं. दोन अग्रकेंद्री गुणसूत्रं अशी टोकाशी जुळली की त्याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. आता आईवडिलांचं रक्त बघणं भाग होतं.

रक्तातल्या पेशी वाढवायला 37 अंशांवर 72 तास कल्चर, शेवटी कोल्सेमिड हे औषध घालून पेशी ऐन विभाजनात थांबवायच्या, मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवायच्या. वडिलांची 46, सगळी जागच्या जागी. आईची प्रत्येक पेशीत 45. चौदाव्यावर तेच एकविसावं.

एरवी आम्ही पेशंटला भेटत नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी मला चित्र घेऊन खाली बोलावलं. आई सव्वीस वर्षांची, मूल मांडीवर झोपलेलं. तिच्या नवऱ्याने आधी विचारलं, “एक कमी आहे, तर हिला काही त्रास कसा नाही?” मी सांगितलं, कमी काहीच नाही, दोन एकत्र झालीत इतकंच. जोडताना ज्या आखूड भुजा गळाल्या त्यांच्यावरची जनुकं 13, 14, 15, 21 आणि 22 या पाचही जोड्यांवर पुन्हा पुन्हा असतात, त्यामुळे शरीराचं अडत नाही. अडतं ते बीजांड तयार होताना. जोडलेलं गुणसूत्र आणि सुटं 21वं एकाच बीजांडात गेलं की बाळाला तीन होतात.

ती गप्पच होती. मग हळू आवाजात म्हणाली, “पाचव्या महिन्यात ग्रहण होतं. मी विळीवर भाजी चिरली होती. सासूबाई तेच म्हणतात.”

माझ्या घशाशी आवंढा आला. दीड वर्ष ती हे ओझं घेऊन फिरत होती. मी तिचं बोट धरून चित्रातल्या त्या जोडावर ठेवलं. “ताई, हे तुमच्या जन्माच्या आधीपासून तुमच्यात आहे. भाजीचा, ग्रहणाचा काही संबंध नाही.”

“म्हणजे मी काही केलं नाही?”

“नाही.”

तिने ते बोट बराच वेळ उचललं नाही. पुढच्या प्रत्येक गर्भारपणात डाऊनची शक्यता साधारण 10 ते 15 टक्के असते आणि अकराव्या आठवड्यापासून वारेच्या पेशी तपासता येतात, हे डॉक्टरांनी समजावलं. तिचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं.

“माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. तिच्यातही असेल का?”

असू शकतं. या जोडाने तिला त्रास नाही, पण बघून घेतलेलं बरं, असं मी म्हटलं.

मंगळवारी दोघी बहिणी आल्या. धाकटीने स्वतःच बाही वर केली, थोरली तिचा हात धरून उभी. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं, दुपारी कल्चर लावलं. शुक्रवारी पेशी काढायच्या आहेत.