काल जत्रेत द्रौपदी केली

काल रात्री जत्रेत आमच्या हौशी मंडळाचा दशावतार झाला आणि मी द्रौपदी केली, झोप अजून डोळ्यात आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. तळकोकणातला दशावतार म्हणजे आमचं लोकनाट्य, ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे स्क्रिप्ट नसते. आधी गणपती, सरस्वती, संकासुर असा आड दशावतार (म्हणजे सुरुवातीचा भाग), मग आख्यान, म्हणजे पुराणातली मुख्य कथा. कोणाच्या मागून कोणाचा प्रवेश एवढं रंगायला बसताना बोलून घेतो, बाकी सगळे संवाद तिथल्या तिथे. त्यामुळे पुराणं वाचलेली लागतात, समोरच्याने एखादा दाखला दिला की तोडीस तोड उत्तर लगेच द्यावं लागतं. आमचा दुर्योधन दिवसा रिक्षा चालवतो, काल तो असा काही बोलला की मला खरंच रडू आलं, आणि पेटीवाल्या काकांनी ते ओळखून लगेच सूर बदलला (हे रिहर्सलने येत नाही हो, वर्षानुवर्षं एकत्र बसावं लागतं).

मेकअप, साडी सगळं आमचं आम्हीच. संपेपर्यंत उजाडलं. चहाच्या टपरीवर मी शर्ट-पँटमध्ये उभा, कपाळावर थोडा रंग राहिलेला, तर एका आजीने हात धरला, "बाये, किती गो सोसलंस!" दुसरं कुठलंही बक्षीस मला नकोच.

मग आंघोळ करून सरळ ऑफिस.

आमचे मृदुंगवाले आता थकलेत. शिकायची इच्छा असलेलं कोणी पोर असेल तर प्लीज मेसेज करा, ते मनापासून शिकवतील.