तुम्ही विचारलंत म्हणून: लेर्टीसच्या बागेत

प्रश्न आता मला पाठ झाला आहे. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याचा चोविसावा, शेवटचा सर्ग वाचून संपला की कोणीतरी विचारतंच: वीस वर्षांनी घरी परतल्यावर बायको पेनेलोपीच्या मागे लग्नासाठी लागलेले 108 जण मारून झाले, ती आणि मुलगा भेटले, मग मळ्यात एकट्या राबणाऱ्या म्हाताऱ्या बापाशी, लेर्टीसशी, ओडिसियस खोटं का बोलला? त्यामागून दुसरा येतो: आणि तुम्ही त्याची बाजू का घेता? पहिल्याचं उत्तर मी दर वेळी वेगळं दिलं, दुसऱ्याचं टाळलं. आज दोन्हींचं देतो.

तो प्रसंग मला डोळे मिटूनही दिसतो. लेर्टीस एका रोपाभोवती माती उकरतोय. अंगात मळका, ठिगळं लावलेला अंगरखा, ओरखडे बसू नयेत म्हणून पायांना बैलाचं कातडं, काट्यांसाठी हातमोजे, डोक्यावर शेळीच्या कातड्याची टोपी. मुलगा एका उंच नाशपातीच्या झाडाखाली थांबतो आणि रडतो. धावत जाऊन मिठी मारावी, की आधी पारख करावी? तो पारख करायचं ठरवतो. जवळ जाऊन म्हणतो, बाग छान राखली आहेस, एक झाड असं नाही की ज्याची निगा नाही. पण तुझी निगा कोणी राखलेली दिसत नाही. मग आपण दूरच्या गावचे, पाच वर्षांपूर्वी ओडिसियस आपल्याकडे पाहुणा होता, अशी कथा रचतो. म्हातारा दोन्ही हातांनी माती उचलतो आणि स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर ओततो.

तुम्हाला इथे राग येतो. मलाही येतो. पण तुम्ही पुढची ओळ सोडून देता. ती माती पडताना बघून ओडिसियसच्या नाकात झणझणतं, रडू फुटण्याआधी झणझणतं तसं, आणि तो झेप घेऊन बापाला कवटाळतो. अख्ख्या काव्यात त्याचा एवढा डाव त्याच्याच शरीरानं उधळलेला मला दुसरीकडे दिसत नाही. उकिरड्यावर पडलेल्या अर्गोस कुत्र्यासाठी त्यानं डोळे गुपचूप पुसले. पाय धुताना मांडीवरचा व्रण ओळखणाऱ्या म्हाताऱ्या दाईचा, युरिक्लियाचा, गळा धरून तिला गप्प केलं. हाच आपला नवरा का हे पाहायला पलंगाची परीक्षा तर पेनेलोपीनंच त्याची घेतली. बापासमोर मात्र त्याला आपलं खोटं पुढे रेटता आलं नाही.

एके काळी मी हा सर्ग वगळावा म्हणून भांडलो होतो, हेही सांगून टाकतो. बायझँटियमचा ॲरिस्टोफेनीस आणि ॲरिस्टार्कस या अलेक्झांड्रियाच्या दोघा पंडितांनी काव्याचा शेवट तेविसाव्या सर्गातल्या 296व्या ओळीला धरला होता, नवरा-बायको शेजघरात जातात तिथे. ते मत मी मोठ्या उत्साहानं मांडायचो. आता पटत नाही. लग्न लांबवायला पेनेलोपी तीन वर्षं दिवसा विणायची आणि रात्री उसवायची ते वस्त्र कोणासाठी होतं? लेर्टीसच्या अंत्यविधीसाठी. अकराव्या सर्गात मेलेली आई पाताळात मुलाला काय सांगते? तुझा बाप हिवाळ्यात चुलीजवळच्या राखेत गड्यांसोबत झोपतो, उन्हाळ्यात मळ्यातल्या पाचोळ्यावर. म्हणजे हा म्हातारा पहिल्यापासून कथेत आहे. त्याला भेटल्याशिवाय ओडिसियस घरी पोचला, असं मी म्हणणार नाही.

मग सर्ग वगळण्याची माझी ती वकिली कशासाठी होती? हा सर्ग मला नको होता, याचं कारण पंडित नव्हते.

मी 19 वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली. आई गेली तेव्हा आम्ही अटलांटिकमध्ये होतो. कॅप्टननं बोलावून सांगितलं. पुढच्या बंदरात उतरवू म्हणाले, पण बदली माणूस आला नाही, आणि मी साडेतीन महिन्यांनी साइन ऑफ झालो. एसटीतून उतरून बॅग घेऊन थेट वाडीत गेलो. अण्णा एका कलमाचं आळं नीट करत होते. उघडे, हाडं दिसत होती. डोक्याला पंचा. मी त्यांच्यामागे उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. मग म्हणालो, "कलमं छान राखलीत, अण्णा. स्वतःकडे बघत नाही तुम्ही."

पाच महिन्यांच्या वर झाले होते त्यांना पाहून. आईविना घर मी पहिल्यांदाच पाहणार होतो. आणि तोंडातून हे आलं.

ते म्हणाले, "आलास?" मग, "पाणी यंदा लवकर खाली गेलं." मी विहिरीत वाकून पाहिलं. पंपाचा वॉशर गेलाय का विचारलं. पाऊण तास आम्ही पंपाबद्दल बोललो. त्यांनी घमेल्यातली माती दोन्ही हातांनी घेतली, कलमाच्या बुंध्याशी टाकली, तळव्यानं दाबली, पुन्हा घेतली, पुन्हा दाबली. त्या आळ्याला आणखी माती नको होती, हे मला कळत होतं. मी त्यांचा हात धरला नाही.

ओडिसी मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचली. बाग राखलीस, स्वतःला नाही, हे वाक्य आलं आणि मी पुस्तक मिटलं. तेव्हापासून ओडिसियसच्या बाजूनं बोलतो. कधी म्हणालो, वीस वर्षं खोटं बोलून जगलेल्याची जीभ तशीच वळते. कधी म्हणालो, म्हाताऱ्याला धक्का बसू नये म्हणून. हे दुसरं तर चूकच, कारण ओळख पटल्यावर लेर्टीस गुडघ्यांतून खचतो आणि बेशुद्ध पडतो. कधी म्हणालो, आपण नाव सांगण्याआधी बापानं ओळखावं असं त्याला वाटत होतं. हे अजून खरं वाटतं, पण मला तर अण्णांनी लगेच ओळखलं होतं. तेव्हा माझ्यासाठी तेही पुरत नाही.

क्रूर होता का तो? होता. मीही होतो का? तुम्ही हे थेट विचारलेलं नाही, पण विचारता तेव्हा मला तेच ऐकू येतं. अण्णा पुढे चार वर्षं होते. त्या दुपारबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

लेर्टीस खूण मागतो तेव्हा ओडिसियस व्रण दाखवतो, आणि मग झाडं मोजतो. लहानपणी बापामागे बागेत हिंडताना त्यानं जी मागितली आणि बापानं नावं सांगून दिली ती: 13 नाशपाती, 10 सफरचंदं, 40 अंजिरं, द्राक्षांच्या 50 रांगा. हा भाग वाचताना माझा आवाज बसतो, ते तुम्ही पाहिलंय. मीही अण्णांच्या मागे हिंडायचो. विहिरीकडची चार कलमं त्यांनी माझी म्हणून दाखवली होती. त्या दिवशी आळं करत होते ते त्यांतलंच एक होतं.