कडेवरचं शिंग

पॅरिसच्या जुन्या बाजारात जायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं हे आपल्याच्याने होत नाही, त्यामुळे रविवारी सकाळी १३ नंबरच्या मेट्रोने पोर्त द व्हांव्हला उतरलो तेव्हाच बायकोने विचारलं, किती उडवणार आहेस ते आत्ताच सांग. फुटपाथवर चमचे, कुलपं, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो, आणि एका आजोबांकडे बिस्किटाच्या डब्यात मेडल्स. त्यातलं एक उचललं. चारेक सेंटीमीटरचं, तपकिरी, जड. एका बाजूला नेपोलियन, दुसरीकडे दोन डोकी समोरासमोर. २५ युरो सांगितले, १८ला दिलं.

रात्री हॉटेलात मोबाईलचा टॉर्च लावून बसलो. ती दोन डोकी म्हणजे रशियाचा अलेक्झांडर आणि ऑस्ट्रियाचा फ्रान्सिस, ऑस्टरलित्झच्या लढाईत नेपोलियनकडून हरलेले. तारीख दोनदा, २ डिसेंबर १८०५ रोमन आकड्यांत आणि शिवाय ११ फ्रिमेर, वर्ष १४, म्हणजे क्रांतीनंतरचं ते नवं कॅलेंडर, जे पुढच्याच महिन्यात, १ जानेवारी १८०६ला नेपोलियनने बंद करून टाकलं! सही मेडल कोरणाऱ्या आंद्रियोची, सोबत नाव दनोंचं, हा मेडलच्या टाकसाळीचा डायरेक्टर. हे छातीवर लावायचं पदक नव्हेच, विजयाची जाहिरात होती ती, आणि मी मनातल्या मनात २०० वर्षं जुनी वस्तू १८ युरोत मारली म्हणून खूश.

मंगळवारी लूव्र बंद, म्हणून सीन नदीकाठच्या के द कोंती रस्त्यावरच्या टाकसाळीच्या म्युझियममध्ये गेलो. तिथे मेडल्स बघत असलेल्या एका काकांना माझं दाखवलं तर त्यांनी ना नेपोलियन बघितला ना ते दोन सम्राट, सरळ कड उजेडात धरली. तिथे बारीक अक्षरात BRONZE, म्हणजे ब्राँझ, आणि शेजारी एक वाकडं चिन्ह, जे मी आपलं ओरखडा समजून सोडून दिलेलं. ते होतं फळाफुलांनी भरलेलं शिंग.

भानगड अशी की १८३२पासून ही टाकसाळ मेडलच्या कडेवर खूण मारते. आधी दिवा, १८४१ला जहाजाचा नांगर, १८४२ला जहाजाचं पुढचं टोक, १८४५पासून बोट दाखवणारा हात, १८६०पासून मधमाशी आणि १८८०पासून शिंग. जुनी गाजलेली मेडल्स टाकसाळ पुन्हा पुन्हा पाडून विकायची, आणि नेपोलियनच्या काळातल्या अस्सल मेडलची कड कोरी असते. म्हणजे माझं मेडल १८८०नंतरचं, नेपोलियन जाऊन साठेक वर्षं होऊन गेल्यावरचं. आजोबांनी काही फसवलं नाही हां, त्यांनी वर्ष सांगितलंच नव्हतं, ते मीच ठरवलेलं.

पुलावर येईपर्यंत तोंड पाडून चाललो होतो. बायको म्हणाली, १८ युरोत दोन दिवस गप्प बसलास, स्वस्तच पडलं.

बुधवारी लूव्र. मोनालिसाकडे जाणारी गर्दी ज्या विंगमधून लोटते तिचं नाव दनों, तोच आपला मेडलवाला. सगळे पुढे पळत होते, मी खिशातलं मेडल काढून त्या नावाच्या पाटीखाली धरून फोटो घेतला, दनोंच्या नावाची बाजू वर ठेवून.