तुम्ही विचारलंत म्हणून: "मुलं रुळायला किती दिवस लागले गं?"

आम्ही मुलांना घेऊन दोनदा शहर बदललंय, त्यामुळे ओळखीत कुणाच्या घरी बदलीची ऑर्डर आली की मला फोन येतोच. घर कसं शोधलंत, शाळेत अ‍ॅडमिशन कशी मिळाली, सामान किती फुटलं वगैरे सगळं विचारून होतं आणि मग फोन ठेवता ठेवता खरा प्रश्न येतो, मुलं रुळायला किती दिवस लागले गं? मागे असाच एक फोन स्पीकरवर होता आणि लेक शेजारी बसून गृहपाठ करत होती, ती मान वर न करता म्हणाली, "रुळायला मी काय आगगाडी आहे का?" पलीकडची मैत्रीण हसली, मी हसले, उत्तर तेवढं राहून गेलं. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, दर वेळी तेच दळण नको.

पहिल्यांदा निघालो तेव्हा लेक ५ वर्षांची होती. दुसऱ्यांदा ती ९ ची आणि धाकटा ४ चा. इथे येऊन आता अडीच वर्षं होतील.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. मी एक यादी केली होती. या शहरात बघण्यासारखं काय काय आहे, कुठलं म्युझियम, कुठला तलाव, कुठली टेकडी, आणि दर रविवारी एक ठिकाण असा हिशोब, म्हणजे मुलांना शहर आवडेल आणि आवडलं की ती आपोआप रमतील. तीन महिने आम्ही इमानेइतबारे भटकलो. फोटो छान आले. पण रविवार संध्याकाळी गाडीतून उतरलं की लेक खालच्या मुलांच्या घोळक्याकडे एक नजर टाकायची आणि सरळ लिफ्टकडे चालायला लागायची, कारण त्या घोळक्याचं जे काही चाललेलं असायचं ते दुपारपासून चाललेलं असायचं, कोण कुणाच्या टीममध्ये, कोण कुणाशी कट्टी, आणि ही दुपारभर आमच्यासोबत तलाव बघत होती! आम्ही तिला शहर दाखवत होतो आणि तिला हवी होती बिल्डिंगखालची वीस फुटांची फरशी.

नंतर एक अभ्यास वाचनात आला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. कान्सास विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये, नुकतंच गाव बदललेली मोठी माणसं आणि कॉलेजात नवीन आलेली मुलं घेऊन, ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास, खऱ्या मैत्रीला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. हे आकडे लहान मुलांचे नाहीत, मान्य, पण गणित करून बघा. रोज संध्याकाळी अर्धा तास खाली खेळलं तर ५० तासांना १०० दिवस लागतात. आणि तेही रोज तीच मुलं, तीच वेळ असेल तर. आम्ही आठवड्यातला सगळ्यात मोठा मोकळा दिवसच गाडीत घालवत होतो. यादी फाडली नाही, पण ड्रॉवरमध्ये गेली ती गेलीच. त्यानंतर रोज सहा ते सात खाली, पाऊस असेल तर पार्किंगमध्ये, मला कंटाळा आला तरी. (मला फार कंटाळा यायचा. पण माझ्याही दोन मैत्रिणी तिथेच झाल्या, त्याही कंटाळलेल्याच होत्या.)

म्हणूनच "उन्हाळ्याच्या सुट्टीत शिफ्ट व्हा, मुलांना वेळ मिळेल" हा सल्ला मला पटत नाही. आम्ही पहिल्या वेळी सुट्टी लागल्या लागल्या निघालो आणि पोचलो तर बिल्डिंगमधली निम्मी मुलं आपापल्या गावी गेलेली, पोरगी दोन महिने रिकाम्या झोपाळ्यावर एकटी. शाळा सुरू व्हायच्या दहा-बारा दिवस आधी पोचलेलं बरं, सामान लागेल एवढा वेळ मिळतो आणि लगेच मुलांत मूल पडतं.

पहिल्या वेळची अजून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सामान हलवताना मध्ये मध्ये नको म्हणून आम्ही लेकीला आधीच आजीकडे पाठवलं आणि ती तिथूनच परस्पर नवीन घरी आली. आम्हाला वाटलं किती सोयीचं झालं. पुढे कितीतरी महिने ती म्हणायची, आपल्या घरात माझा बेड आहे ना, तो आपण जाऊन बघू या का? तिच्या डोक्यात ते घर जसंच्या तसं होतं, पडद्यांसकट, कारण रिकामं झालेलं तिने बघितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र दोघांना रिकाम्या घरातून फिरवलं, मोकळ्या हॉलमध्ये ओरडून त्यांनी आवाज घुमवून घेतला, धाकट्याने बाथरूमच्या नळालासुद्धा टाटा केला.

धाकट्याचं वेगळंच प्रकरण. जुन्या घरात पलंगावरून उतरलं की डावीकडे बाथरूम होतं, इथे उजवीकडे आहे आणि डावीकडे कपाट. पहिल्याच रात्री दोन वाजता धाडकन आवाज. तो झोपेतच उठून सवयीने डावीकडे वळला आणि कपाटावर आदळला. रडला नाही, नुसता कपाटावर हात फिरवत उभा राहिला, दार कुठे गेलं म्हणून. दिवसा त्याला सगळं माहीत होतं, बाथरूम कुठे आहे विचारलं तर बरोबर दाखवायचा, पण झोपेतल्या पायांना कोण सांगणार! पाचेक वेळा तरी आदळला असेल. मग आम्ही एक बारका नाइट लॅम्प लावला आणि दिवसा खेळ सुरू केला, डोळ्याला रुमाल बांधून पलंगापासून बाथरूमपर्यंत जायचं, पोचलं की टाळ्या. तरी महिना गेला.

आणि शाळेत तो गप्प. म्हणजे पूर्ण गप्प. इथली भाषा वेगळी, त्याला एक शब्द येत नव्हता. दीड महिन्याने बाईंनी बोलावून विचारलं, घरी बोलतो का हो हा? मी म्हटलं, घरी तर कान किटतात. नवीन भाषेत पडलेली लहान मुलं पुष्कळदा काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, नुसती ऐकत राहतात आणि तोंड उघडत नाहीत, भाषेवर काम करणाऱ्या लोकांना हा मौनाचा काळ चांगला माहीत आहे, पण आई म्हणून त्या वेळी पोटात गोळा येतोच. घरी मी पडद्याआड उभी राहून ऐकलं तर तो उशा ओळीने मांडून त्यांना बाईंच्या स्वरात, बाईंच्या भाषेत, दटावत होता. अर्धे शब्द चुकीचे, पण सूर तंतोतंत. आत सगळं साठत होतं तर. तिसऱ्या महिन्यात वर्गात पहिलं अख्खं वाक्य बोलला आणि ते होतं, "पाणी मी नाही सांडलं, याने सांडलं." बाईंनी आनंदाने मला फोन करून सांगितलं. चुगली का होईना! मूल घरीसुद्धा, स्वतःच्या भाषेतसुद्धा गप्प व्हायला लागलं तर मात्र वाट बघत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

लेकीचं उलटं झालं. ती वर्षाच्या आत लिफ्टमध्ये, बसमध्ये फाडफाड बोलायला लागली, शेजारच्या काकू म्हणाल्या ही तर ओळखूच येत नाही बाहेरून आलीये म्हणून, आम्ही खूश, भाषेचा प्रश्न मिटला. आणि गणितात मार्क घसरले. मला वाटलं लक्ष नाही, रागावले पण, शिकवणी लावू का इथपर्यंत गेले. एका रात्री पेपर घेऊन बसले तेव्हा कळलं, भागाकार तिला झोपेतून उठवला तरी येत होता, तिला "प्रत्येकी" या शब्दाला इथे काय म्हणतात ते माहीत नव्हतं. खेळताना प्रत्येकी कोण म्हणतं? कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ मध्येच मांडला आणि पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं, की बोलण्याचालण्याची भाषा मुलांना साधारण २ वर्षांत येते पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला ५ ते ७ वर्षं लागतात. म्हणजे पोरगं छान बोलतंय याचा अर्थ पेपर समजतोय असा नाही. तेव्हापासून आम्ही नवीन धडा आधी घरी मराठीत समजावतो आणि मग तिकडचे शब्द लावतो, "उरलेले", "एकूण", "याउलट" असे चिल्लर वाटणारे शब्द तिने एका वहीत लिहिलेत. घरीही आता नवीन भाषाच बोला, लवकर शिकतील, असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं. ऐकलं नाही ते बरं झालं.

दोष मात्र सगळा शहराचा नव्हता हेही सांगायला हवं. मी रात्री ताईला फोन करायचे आणि तासभर गाऱ्हाणी, इथे हे असंच, इथली माणसं तशीच, मुलं आतल्या खोलीत आहेत म्हणून बिनधास्त. एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांनी लेकीला विचारलं, कसं वाटतंय आमचं शहर? ती शांतपणे म्हणाली, "सगळंच विचित्र आहे, फक्त पाणी बरं आहे." शब्द न् शब्द माझा. काका हसले, पण तीन मजले उतरेपर्यंत लिफ्ट इतकी हळू कधीच चालली नव्हती. त्यानंतर ताईचे फोन मी गच्चीवरून केले. गाऱ्हाणी बंद नाही झाली, माणूस आहे मी पण.

दीडेक वर्षाने लेकीला सहज म्हटलं, घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढ. केविन लिंच या नगररचनाकाराने १९६० साली लिहिलंय की त्याने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांकडून असेच मनातले नकाशे काढून घेतले, आणि त्यात रस्ते, कडा, विभाग, चौक आणि खुणा या पाचच गोष्टी फिरून फिरून येत होत्या. माझ्या लेकीच्या नकाशात चौक नव्हता, आम्हाला पत्ता सांगताना जो लागतो तो मोठा पूलसुद्धा नव्हता. खुणाच खुणा होत्या. एक कान पडलेला कुत्रा, "इथे बसमध्ये पोटात गुदगुल्या होतात तो स्पीडब्रेकर", एक पिवळा वीजेचा डबा, एक भिंत जिच्यावरून मांजर बघते, आणि शाळेच्या मागून एक तुटक रेघ. ही काय म्हणून विचारलं तर म्हणाली, शॉर्टकट, पण तुला नाही सांगणार.

तर किती दिवस? धाकट्याचे पाय महिन्यात, जीभ तीन महिन्यांत, लेकीची मैत्रीण साधारण पाचव्या महिन्यात, गणित अजून चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं तो पहिल्या आठवड्यातच रुळला, तर ते सोडून द्या.

गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी जुन्या शहरात गेलो होतो, आमच्याच जुन्या बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे. घराची रचना अगदी आमच्या घरासारखी, बाथरूम पलंगाच्या डावीकडे. रात्री केव्हातरी धाडकन आवाज झाला. लाइट लावून बघितलं तर धाकटा उजवीकडच्या भिंतीला कपाळ टेकवून उभा, आणि हाताने दार शोधतोय.